पदराआडचं बोट

दोन डोंगरांच्या बेचक्यात, नदीच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात एक सुईण राहत होती. किती जुनी गोष्ट म्हणाल, तर तेव्हा आसपास कुठे दवाखाना नव्हता आणि मूल जन्माला यायचं ते घरातल्या घरातच, आयाबायांच्या गराड्यात.

सुईणीचं नाव धुरपदा. लहानथोर सगळे तिला धुरपामावशी म्हणत. गावात हुंदडणाऱ्या पोरांपैकी बहुतेक पोरं तिच्याच हातांवर आलेली. मूल आडवं असो नाहीतर पायाळू, मावशीची बोटं पोटावरून फिरली की तिला आतलं सगळं कळायचं. बायका म्हणायच्या, "मावशीचा हातगुणच तसा आहे."

मावशीला याचा अभिमान होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोटी मूलबाळ नव्हतं. गावात मान होता तो या हातांमुळेच. म्हणून या अभिमानाच्या तळाशी एक भीतीही दडून बसलेली असायची. हातगुण गेला, असं एकदा लोक म्हणाले, की मग आपलं कोण?

एकदा काय झालं, मावशी ओट्यावर वाल सोलत बसली होती. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला, नखाच्या कडेशी, एक बारीकशी सालपट सुटली होती. ती सारखी टोचत होती. मावशीनं ती दातात धरली आणि ओढली. सालपट निघाली, पण मुळापर्यंत सोलत गेली. रक्ताचा ठिपका आला. तिनं तो लुगड्याला पुसला आणि दुपारी त्याच हातानं अंगण शेणानं सारवून काढलं.

सकाळी उठून पाहते तर नखाची कड लाल झालेली, सुजलेली. हात लावला की कळ डोक्यात जायची.

"नखुरडं झालं वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसरी कुणी बाई असं बोट घेऊन आली असती, तर मावशीनं तिला लगेच बजावलं असतं, की बाई गं, मिठाच्या कोमट पाण्यात बोट बुडवून बस, पुसून कोरडं कर, ओल्या कामात हात घालू नकोस. पण स्वतःच्या बोटासाठी ती असं बसली असती, तर येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं असतं. विचारलं असतं, म्हणजे गावभर झालं असतं. आणि नेमकी याच वेळी कुंभाराच्या घरची साळू पोटुशी होती.

साळूचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून ती पोर धास्तावलेली. आता दुसऱ्या खेपेला पाणवठ्यावर मावशी दिसली, की घागर खाली ठेवून विचारायची, "मावशी, माझ्या वेळेला तुम्ही असाल ना?"

"मी नसेन तर कोण असेल गं?" मावशी म्हणायची आणि साळूच्या चेहऱ्यावरची काळजी जराशी उतरायची.

अशा पोरीला कसं सांगायचं, की माझं बोटच पिकायला लागलंय?

मावशीनं सांगितलं नाही. घरात असली की ती लिंबाला भोक पाडून ते बोटावर बसवायची. दाराशी कुणाची चाहूल लागली, की घाईघाईनं काढून ठेवायची. बाहेर जाताना जुन्या लुगड्याची चिंधी बोटाला गुंडाळायची आणि हात पदराआड घ्यायची. भांडी घासणं, धुणं धुणं, शेणगोठा, काहीच थांबवलं नाही. थांबवलं असतं तर शेजारणीच्या लक्षात आलं असतं ना!

लिंबानं झोंबलं फार, उतरलं काहीच नाही. मग एका दुपारी तिनं दार लोटून घेतलं, बाभळीचा काटा घेतला आणि दात-ओठ खाऊन सुजेवर टोचला. थेंबभर रक्त आलं, पू काही निघाला नाही. उलट त्यानंतर ठणका वाढला. छातीत जसा ठोका पडे, तसं बोट ठणके. नखाच्या मुळाशी पिवळट दिसू लागलं. पुढे काखेत अवधाण येऊन गाठ सुजली, अंगात कणकण भरली. मनगटावरून कोपराकडे एक लालसर रेघ चढताना दिसली, तेव्हा मावशीनं चोळीची बाही खाली ओढली आणि मान फिरवली.

तिला कळत नव्हतं असं नाही. ही विद्या तिला तिच्या सासूनं शिकवली होती आणि सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पिकल्या बोटानं बाळंतिणीला शिवू नये. ते विष तिच्या अंगात उतरतं आणि मग जो ताप चढतो, तो माणूस घेऊनच जातो."

मावशी मनाला समजावत राहिली. साळूला अजून वेळ आहे. तोवर उतरेल. उतरेलच.

पण बाळ काही कुणाला विचारून येत नाही. सकाळी उन्हं नुकती अंगणात आली होती, आणि साळूची सासू म्हाळसाबाई धावत-पळत दाराशी आली.

"धुरपे, चल गं लवकर! पोरीला कळा सुरू झाल्यात."

"इतक्यात?" मावशीनं हात पदराआड ओढला.

"इतक्यात म्हणजे काय? तिची वेळ आली. ऊठ!"

मावशी उठली. वाटभर म्हाळसाबाई बोलत होती. पोरीनं रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नाही, लेकाला, गोंदाला, भट्टीजवळ बसवून आलेय, देवापुढे नारळ ठेवलाय. मावशी नुसतं हूं हूं करत होती. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. डाव्या हातानं जमेल का? घट्ट चिंधी बांधली तर? एवढंसं तर बोट आहे. कदाचित काहीच होणार नाही.

कुंभाराच्या घरात चार बायका आधीच जमल्या होत्या. साळू आतल्या खोलीत, आढ्याला बांधलेला दोर धरून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. मावशीला पाहताच तिनं हात पुढे केला.

"आलात मावशी! आता मला भीती नाही."

मावशीच्या काळजात ते शब्द काट्यासारखे रुतले.

म्हाळसाबाईनं ऊन पाण्याचं घंगाळं आणून ठेवलं. मावशी सगळ्यांकडे पाठ करून बसली, चिंधी सोडली आणि हात पाण्यात घातले. बोटातून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. डोळे उघडले तेव्हा तिला पाण्यात काहीतरी दिसलं. नखाच्या कडेतून पिवळी तार सुटली होती आणि हळूहळू पाण्यात पसरत होती.

मागे साळू कण्हत होती. "मावशी... मावशी, या ना इकडे."

गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नाही. मूल येईल, पेढे वाटतील, मान राहील. आणि मग साळूला ताप आला, तर लोक म्हणतील, पोरीचं नशीब. मावशीला दोष कुणी देणार नाही. हे सगळं तिला अगदी स्वच्छ दिसलं, आणि दिसलं म्हणूनच तिनं हात पाण्यातून बाहेर काढले. कारण कुणाला नाही कळलं, तरी तिला स्वतःला कळलं असतं.

ती उठून उभी राहिली.

"म्हाळसाबाई, हे पाणी लांब नेऊन ओता. घंगाळं राखेनं घासा आणि दुसरं पाणी उकळा."

"का गं? चांगलं ऊन पाणी आहे."

मावशीनं पदराआडून हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. बोट वांग्यासारखं सुजलं होतं.

"माझं बोट पिकलंय," मावशी म्हणाली. "मी साळूला शिवणार नाही."

म्हाळसाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आणि हे तू आत्ता सांगतेस? पोरीला कळा सुरू झाल्यावर, माझ्या घरात उभी राहून?"

"हो. आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण आता आणखी लपवत नाही."

साळू रडायला लागली. "मग कोण मावशी? तुम्ही नाही तर कोण?"

मावशी दारापर्यंत मागे सरकली. "पलीकडच्या तीरावरच्या कोंडाबाईला बोलवा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोंडाबाईही सुईणच, पण तिच्यात आणि धुरपामावशीत अबोला होता. कधीकाळी एका बाळंतपणाला दोघींना बोलावलं होतं आणि बारशाला पाळण्याजवळचा मान कुणाचा, यावरून दोघींची जुंपली होती. तेव्हापासून बाजारात समोरासमोर आल्या, तरी दोघी तोंडं फिरवायच्या.

साळूचा नवरा गोंदा नदीकडे धावत सुटला. मावशी खोलीबाहेर आली आणि उंबऱ्याच्या अलीकडे, भिंतीला टेकून बसली.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. नाव पलीकडच्या काठाला असली तर? नावाडी जेवायला गेला असला तर? कोंडाबाई घरात नसली तर? आणि असूनही आली नाही तर? म्हणाली, की जाऊन सांग तुझ्या धुरपाला, निस्तर आता तुझं तूच, तर? मावशीचं अंग तापानं फणफणलं होतं, पण कान रस्त्याकडे लागले होते. आतल्या दोघी बायका कुजबुजत होत्या, त्यातलं एवढंच तिला ऐकू आलं, "हातगुण गेला म्हणायचा हिचा."

साळू ओरडली. मावशीनं भिंतीला टेकूनच हाक मारली, "साळू, मी इथंच आहे गं. श्वास धरून ठेवू नको. सोड. भट्टीचा धूर कसा सावकाश वर जातो, तसा सोड. हां... असाच."

"मावशी, जाऊ नका."

"कुठंही जात नाही. कळ गेली, की अंग सैल टाक."

ऊन अंगणातून ओट्यावर चढलं. कळा जवळ जवळ यायला लागल्या. गोंदाचा पत्ता नव्हता. शेवटी म्हाळसाबाई बाहेर धावत आली आणि तिनं मावशीचा खांदा धरून हलवलं.

"धुरपे, मी मघाशी बोलले ते सोड. माझी सून मरेल गं! हात धू पुन्हा एकदा आणि चल आत. मी कुणाला काही सांगणार नाही."

मावशी अर्धी उठलीसुद्धा. मग बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हाळसाबाई, किती धुतलं तरी पू आतून येतोय. मी शिवले तर पोर आज सुटेल आणि मागून तापात जाईल. तुमचे हात चांगले आहेत. रिठ्याच्या फेसानं कोपरापर्यंत धुवा. नखांतून घासा. आणि तिच्यापाशी बसा. मी इथून सांगते, तसं करा."

"मला नाही येत गं ते!"

"मी आहे ना इथं. आधी हात धुवा."

म्हाळसाबाई हात धूत असतानाच बाहेर पावलं वाजली. गोंदा घामानं निथळत पुढे आणि मागून, लुगड्याचा काचा मारून, कोंडाबाई. ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली. मावशीच्या बोटाकडे तिनं पाहिलं.

"शिवलीस तिला?"

"नाही."

"बरं केलंस." एवढंच म्हणून ती हात धुवायला बसली आणि मग आत गेली.

त्यानंतर मावशीला फक्त आवाज ऐकू येत होते. कोंडाबाईचा दरडावणारा आवाज, साळूचं ओरडणं, म्हाळसाबाईचं देवाला आळवणं. एकदम कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, नाळ गळ्याभोवती!" आणि मग सगळं शांत झालं. ती शांतता मावशीला सोसवेना. तिनं डोळे मिटले. आपण तिथं असतो तर काय केलं असतं, या विचारात तिची बोटं पदराआड आपोआप नाळ सोडवल्यासारखी हलत होती.

मग एक बारीक, चिडका, मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. आणि त्यापाठोपाठ खणखणीत रडणं.

"मुलगी आहे!" म्हाळसाबाई आतून ओरडली. "जिवंत आहे! धुरपे, ऐकलंस का? रडतेय बघ कशी!"

मावशीनं भिंतीला डोकं टेकलं आणि ती लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली.

सगळं आवरून कोंडाबाई बाहेर आली. तिनं न विचारताच मावशीचा हात ओढून उजेडात धरला, बाही वर सारली.

"वेडी का खुळी तू? रेघ कुठवर चढलीये बघ! चल, ऊठ. आमच्या गावच्या वैद्यबुवांकडे."

"जाईन उद्या..."

"उद्या तू जाणार नाहीस, तुला न्यावं लागेल. ऊठ म्हणते ना!"

नावेत दोघी समोरासमोर बसल्या. मग मावशी हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, तू येणार नाहीस."

"तुझ्यासाठी आलेच नाही मुळी. त्या पोरीसाठी आले." कोंडाबाईनं पाण्याकडे पाहत उत्तर दिलं. मग पदर सावरत म्हणाली, "तू बोलावलंस म्हणून गोंदानं सांगितलं, तेव्हा मात्र मी तशीच उठले. म्हटलं, धुरपा मला बोलावते, म्हणजे काहीतरी भलतंच झालंय."

वैद्यबुवांनी बोट पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी बारीक पातं विस्तवावर लाल केलं, निवू दिलं आणि नखाच्या कडेची कातडी अलगद उचलली. भळकन पू आला. मावशी कळवळली, पण ठणका जो उतरला, तो जणू कुणी मनगटावरचा फास सोडला.

"आधीच आली असतीस, तर मिठाच्या पाण्यावर भागलं असतं," बुवा म्हणाले. "पू साचला, की लिंबू उपयोगाचं नाही आणि काटा तर मुळीच नाही. काट्यानं तू घाण आत ढकललीस. लाल रेघ वर चढायला लागली, अंगात ताप भरला, की एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. अजून राहिली असतीस, तर बोटाचं सोड, हात वाचवणं मुश्कील होतं."

त्यांनी काढा दिला, स्वच्छ कापड बांधलं. रोज कोमट पाण्यात शेक, मग बोट पुसून कोरडं ठेवायचं, आणि भरून येईपर्यंत शेण-माती, धुणं-भांडी सगळं बंद.

ताप उतरला. रेघ पुसट होत होत नाहीशी झाली. नख मात्र काळं पडून गळून गेलं.

पण मावशीच्या मनाची कणकण काही जाईना. ती ओट्यावर रिकामी बसून राही. कुणी बोलवायला आलं नाही. पाणवठ्यावर ती गेली, की बोलणाऱ्या बायका गप्प होत. रस्त्यावर पावलं वाजली, की ती मान वर करून पाही. पावलं पुढे निघून जात. झालं, संपलं, ती म्हणे. ज्याला भीत होते, तेच झालं. तरीही त्या सकाळची आठवण आली, की आपण पुन्हा तसंच केलं असतं, हेही तिला कळत होतं. त्यानं भीती कमी होत नव्हती, पण झोप तेवढी लागत होती.

एका दुपारी दार वाजलं. म्हाळसाबाई उभी होती. मावशीला वाटलं, राहिलेलं बोलायला आली. ती निमूटपणे बाजूला झाली. म्हाळसाबाईनं आत येऊन दार लोटून घेतलं आणि उगाच इकडे-तिकडे पाहत राहिली.

"साळू कशी आहे?" मावशीनं घाबरतच विचारलं.

"चांगली आहे. ताप नाही, काही नाही. पोरगी दूध ओढते कशी, विचारू नकोस." म्हाळसाबाई खाली बसली. "मी त्यासाठी आले नाही."

"मग?"

म्हाळसाबाईनं लुगड्याचा काठ किंचित वर घेतला. पायाचा अंगठा लालबुंद झाला होता आणि नखाचं टोक एका बाजूनं मांसात रुतलं होतं.

"कधीपासून?" मावशी ओरडलीच.

"झाले बरेच दिवस. दिवसभर माती तुडवायची, पाय चिखलातच. म्हटलं, सांगितलं तर गोंदा काम करू देणार नाही. सून बाळंतीण, मग माती कोण तुडवणार? कोपरा टोचायचा, म्हणून मी विळ्यानं खोल कापून काढला, तर आणखीच रुतलं." मग खाली पाहत ती म्हणाली, "तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोट दाखवलंस ना धुरपे, तेव्हापासून मनात येत होतं. आपलंही कुणाला तरी दाखवावं."

मावशीनं चुलीवर पाणी ठेवलं. कोमट झालं, तसं मीठ टाकून परातीत ओतलं आणि म्हाळसाबाईचा पाय त्यात सोडायला लावला. स्वतःचं कापड बांधलेलं बोट तिनं पाण्यापासून दूर धरलं होतं.

"पू धरलेला नाही अजून. रोज असं शेका, मग पुसून कोरडं करा. चिखलात पाय घालायचा नाही, गोंदा तुडवेल माती. नख वाढू द्या आणि सरळ कापा, कोपरे कोरू नका. आणि पिवळं दिसलं, ठणका लागला, की लपवायचं नाही. आपण दोघी नावेतून वैद्यबुवांकडे जाऊ."

म्हाळसाबाईनं "आई गं" म्हणून पाय सैल सोडला आणि भिंतीला टेकली.

"धुरपे, तेल्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत. तिची सासू काल मला विचारत होती, मावशीचं बोट कधी बरं होतंय म्हणून."

मावशीनं वर पाहिलं. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बरं झालं की धुरपा स्वतःच सांगेल," म्हाळसाबाई म्हणाली, "आणि नाही झालं, तरी तीच सांगेल."

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: दुखणं पदराआड झाकलं, की ते आपल्यापुरतं राहत नाही, आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव, त्याचा खरा हातगुण आपली जखम वेळेवर दाखवण्यातच असतो.